‘सर्वांत’ला इंग्रजीत काय म्हणायचे? वहीतल्या दोन लाल खुणांच्या निमित्ताने

मृगबहार (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात माझ्या मुलीची इंग्रजीची वही तपासून घरी आली. ती आठवीत आहे आणि ‘माझे शहर’ या विषयावर दहा वाक्ये लिहायची होती. त्यांपैकी दोन वाक्यांवर लाल शाई उमटली असून त्या दोन्ही जागा तमभावाच्या, म्हणजे शाळेत ज्याला सुपरलेटिव्ह डिग्री म्हणतात त्याच्या आहेत. पहिले वाक्य अंबाझरी तलावाचे आहे: ‘द लेक इज डीपेस्ट निअर द डॅम.’ बाईंनी ‘डीपेस्ट’च्या आधी काकपद, म्हणजे सुटलेला शब्द घालण्याची खूण, करून वर ठळक ‘द’ लिहिला आहे. दुसरे वाक्य संत्र्याचे: ‘द ऑरेंज इज द कमनेस्ट फ्रूट इन अवर मार्केट.’ येथे ‘कमनेस्ट’वर आडवी रेघ मारून बाजूला ‘मोस्ट कॉमन’ लिहिले आहे. प्रत्येकी अर्धा गुण गेला. गुणाचे मला काही वाटत नाही, परंतु त्याच रात्री मुलीने शब्दकोशात ‘कमनेस्ट’ शोधून माझ्यासमोर ठेवला आणि विचारले, ‘मग बाईंनी का खोडला?’ मला उत्तर देता आले नाही.

मी स्वतः मराठी माध्यमातून शिकले. आमच्या वर्गात हा नियम एका विनोदातून शिकवला होता: लहान गावाला एसटी लागते, मोठ्या शहराला मोस्ट. विशेषण छोटे असेल तर त्याच्या शेवटी ई-एस-टी हा प्रत्यय जोडायचा आणि लांबलचक असेल तर आधी ‘मोस्ट’ लावायचे, एवढ्यावर आमची दहावी पार पडली. आता वाटते की या एसटीचे वेळापत्रक मला कधी नीट कळलेच नव्हते. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुना फळा

ताई, आधी निकाल सांगतो आणि मग कारणे देतो. दोन्ही वाक्ये आपल्या मुलीने लिहिली होती तशीच बरोबर आहेत. दुसऱ्या वाक्यात ‘मोस्ट कॉमन’ हेही तितकेच बरोबर आहे आणि आज तेच अधिक वापरात दिसते, पण म्हणून ‘कमनेस्ट’ चूक ठरत नाही. पहिल्या वाक्यात मात्र ‘द’ घालून बिघाड झाला आहे.

एसटीपासून सुरुवात करू. छोटे आणि मोठे हे अक्षरे मोजून ठरत नाही, उच्चाराचे ठोके, म्हणजे सिलॅबल, मोजून ठरते. एका ठोक्याच्या विशेषणाला प्रत्यय लागतो: टॉलेस्ट, कोल्डेस्ट, चीपेस्ट. तीन किंवा अधिक ठोके असले की मोस्ट: मोस्ट ब्यूटिफुल, मोस्ट इंटरेस्टिंग. खरा गोंधळ दोन ठोक्यांच्या शब्दांत आहे. त्यांपैकी शेवटी वाय असलेले शब्द निमूटपणे प्रत्यय घेतात आणि वायचा आय होतो, जसे हॅपिएस्ट, बिझिएस्ट, डर्टिएस्ट. नॅरो, सिंपल, क्लेव्हर या घराण्यांतले शब्दही बहुधा प्रत्यय घेतात. शेवटी फुल, लेस, आयएनजी किंवा ईडी असलेले शब्द घेत नाहीत, म्हणून केअरफुल, यूजलेस, बोरिंग, वरीड यांना मोस्टच लागते. उरलेल्यांत कॉमन, पोलाइट, क्वाएट, स्टुपिड असे शब्द येतात. त्यांना दोन्ही रूपे चालतात, आणि आपल्या मुलीचा शब्द नेमका याच घरातला आहे.

स्पेलिंगचे दोन शब्दांत सांगतो. व्यंजन, एकच स्वर, पुन्हा व्यंजन अशी एका ठोक्याची रचना असेल तर शेवटचे व्यंजन दोनदा येते, म्हणून बिगेस्टमध्ये जी दोन, हॉटेस्टमध्ये टी दोन. चीप आणि डीप यांत स्वर जोडीने आहेत, त्यामुळे तेथे पी एकच. शेवटी डब्ल्यू किंवा एक्स असेल तर दुप्पट होत नाही, म्हणून न्यूएस्टमध्ये डब्ल्यू एकटाच राहतो.

आता ‘द’कडे वळतो. माझ्या तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत सर्वाधिक लाल शाई येथेच खर्च झाली आणि तिच्यातली काही मीच चुकीच्या जागी खर्च केली, हे मान्य करतो. ‘तमभाव आला की द आलाच’ असे आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो. ते बहुतेक वेळा चालतेही, कारण बहुतेक वेळा आपण एका वस्तूची इतर वस्तूंशी तुलना करत असतो. ‘अंबाझरी इज द लार्जेस्ट लेक इन नागपूर’ यात अंबाझरीसमोर फुटाळा, गांधीसागर, सक्करदरा ही तळी उभी आहेत. त्या घोळक्यातून एक तळे बोटाने दाखवायचे म्हणून ‘द’. आपल्या मुलीच्या वाक्यात दुसरे तळेच नाही. अंबाझरीचीच एक जागा अंबाझरीच्याच दुसऱ्या जागांशी ताडून पाहिली आहे. विशेषण क्रियापदानंतर एकटे असेल आणि तुलना एकाच वस्तूच्या निरनिराळ्या जागांची किंवा वेळांची असेल, तर इंग्रजी ‘द’ घेत नाही. ‘नागपूर इज हॉटेस्ट इन मे’ हे तसेच वाक्य आहे. त्यात ‘द’ घातला तर नागपूर इतर शहरांच्या स्पर्धेत उतरले आहे असा भास होतो. ती स्पर्धा निराळी आहे, आणि चंद्रपूर-ब्रह्मपुरीकर ती आपल्याला सहजासहजी जिंकू देणार नाहीत.

आणखी एक जागा: ‘माय’, ‘हिज’, ‘इंडियाज’ असा मालकीचा शब्द आधी आला की ‘द’ गळतो. ‘माय द बेस्ट फ्रेंड’ असे लिहिणारी मुले मला दरवर्षी भेटत असत.

वर्धा रोडवरून

वरचे सगळे मान्य, परंतु परीक्षेच्या दृष्टीने माझे मत साधे आहे. शंका आली की मोस्ट लावावे. मोस्ट लावून सहसा गुण जात नाहीत.

जुना फळा

असहमत. ‘मोस्ट टॉल’, ‘मोस्ट बिग’ असे लिहिले तर गुण जातात आणि जायलाच हवेत. दोन ठोक्यांच्या शंकास्पद शब्दापुरता आपला सल्ला खपेल. एका ठोक्याच्या शब्दांतही रिअल, राइट, राँग, टायर्ड असे काही मोस्ट घेणारे आहेत, पण ते अपवाद म्हणूनच लक्षात ठेवलेले बरे.

अनुवादघर

मी इंग्रजी-मराठी अनुवादाचे काम करते आणि दोन्ही दिशांनी या वाटेवरून रोज ये-जा असते. प्रत्यय आणि मोस्ट यांची चर्चा उपयुक्त आहे, पण आपली मुले ज्या चुका करतात त्यांचे मूळ तेथे नाही, असे मला वाटते. ते मूळ ‘सर्वांत’ या आपल्या शब्दात आहे.

मराठीत विशेषण स्वतः बदलत नाही. उंच हा उंचच राहतो आणि त्याच्या आधी आपण ‘सर्वांत’ ठेवतो. हा शब्द उघडून पाहिला तर ‘सर्व’ आणि ‘आत’ असा आहे, म्हणजे ज्या समूहात तुलना करायची तो समूह आपण विशेषणाच्या आधीच सोबत आणतो. ‘कळसूबाई सर्वांत उंच’ एवढे म्हटले की ऐकणारा ‘महाराष्ट्रातल्या शिखरांत’ हे मनातल्या मनात भरतो. इंग्रजीचा कारभार वेगळा आहे. तेथे तमभाव विशेषणाच्या अंगात शिरतो, निवड ‘द’ दाखवतो आणि समूह वाक्याच्या शेवटी वेगळा सांगावा लागतो: ‘द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र’. आपल्या एका शब्दाचे काम तेथे तीन जागी वाटलेले आहे. मूल भाषांतर करते तेव्हा या तिन्हींपैकी एक जागा हमखास रिकामी राहते.

‘सर्वांत’चे सरळ भाषांतर ‘इन ऑल’ होते आणि मग ‘ही इज टॉल इन ऑल’ असे वाक्य जन्माला येते. पुढच्या इयत्तेत त्याचे ‘ही इज द टॉलेस्ट फ्रॉम ऑल’ होते. इंग्रजीत स्थळ किंवा संस्था असेल तर ‘इन’ येतो: इन द क्लास, इन विदर्भ, इन द वर्ल्ड. मोजता येणारी माणसे किंवा वस्तू असतील तर ‘ऑफ’ येतो: द टॉलेस्ट ऑफ द थ्री, द बेस्ट ऑफ देम ऑल. ‘फ्रॉम’ला येथे मुळीच जागा नाही, परंतु आपल्या ‘-मधून’ आणि ‘-पैकी’ यांच्या ओढीने तो येतो.

‘पैकी’वरूनच दुसरी चूक येते. ‘उत्तम विद्यार्थ्यांपैकी एक’ म्हणताना आपण अनेकवचनच वापरतो, ‘विद्यार्थ्यांपैकी’. तरीही इंग्रजीत नेमके त्याच ठिकाणी ‘वन ऑफ द बेस्ट स्टुडंट’ असे एकवचन लिहिले जाते. शिफारसपत्रांत, बायोडेटांत आणि मोठमोठ्या जाहिरात फलकांवरही हे एकवचन मी पाहिले आहे. मनात मराठी वाक्य नीट उच्चारले तरी ही चूक टळेल. म्हणून मराठीला दोष द्यायचा असेल तर थोडा हात राखून द्यावा.

मृगबहार

किती नेमके लिहिलेत! मुलीला ‘सर्वांत’ फोडून दाखवला तर तिने विचारले की ‘लहान’चे काय करायचे. तिच्या दहा वाक्यांत ज्योती आमगे यांच्यावर एक वाक्य होते. त्या नागपूरच्या असल्याने मुलांना ते वाक्य लिहावेसे वाटतेच. तिने आधी ‘यंगेस्ट’ लिहिले, मग ‘स्मॉलेस्ट’ केले आणि शेवटी ‘शॉर्टेस्ट’ लिहिले. बाईंनी त्याला बरोबरची खूण दिली, पण ती खूण का मिळाली हे तिला सांगता येत नाही.

अनुवादघर

मुलगी हुशार आहे, योग्य जागी थांबली. आपल्या ‘लहान’च्या पोटात तीन-चार इंग्रजी शब्द बसतात. लहान भाऊ म्हणताना वय, लहान खोली म्हणताना आकार, आणि लहान माणूस म्हणताना कधी वय, कधी उंची, कधी पत. इंग्रजीत तमभाव करण्याआधी या शब्दांची वाटणी करावी लागते. ज्योती आमगे यांच्या अठराव्या वाढदिवशी, 16 डिसेंबर 2011 रोजी, गिनीज वर्ल्ड रेकॉर्ड्सने नागपुरात त्यांची उंची 62.8 सेंटिमीटर नोंदवली आणि तो विक्रम ‘शॉर्टेस्ट वुमन’ म्हणून गणला जातो, कारण मोजमाप उंचीचे आहे. ‘यंगेस्ट’ लिहिले असते तर वयाचा विक्रम झाला असता.

‘मोठा’चेही असेच. मोठा भाऊ एल्डेस्ट किंवा ओल्डेस्ट, मोठा तलाव लार्जेस्ट, मोठा गायक ग्रेटेस्ट. एल्डेस्ट हा शब्द कुटुंबातल्या माणसांपुरता ठेवतात. वाड्याला किंवा वडाच्या झाडाला तो लागत नाही, त्यांना ओल्डेस्टच म्हणायचे.

उंचीवरून आठवले. इंग्रजीत हाय आणि टॉल वेगळे आहेत आणि त्यामुळे तमभावात खरोखर दोन निरनिराळी उत्तरे निघतात. समुद्रसपाटीपासून मोजले तर एव्हरेस्ट 8848.86 मीटर, म्हणून तो हायेस्ट. पायथ्यापासून माथ्यापर्यंत मोजले तर हवाई बेटावरचा मौना केआ त्याहून अधिक भरतो, कारण त्याचा मोठा भाग समुद्राखाली आहे, म्हणून टॉलेस्ट हा मान त्याला देतात. मराठीत दोघांनाही ‘सर्वांत उंच’ म्हणून आपण मोकळे होतो आणि मग सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत भांडणे होतात.

शब्दानुशासन

या धाग्यावर एक गोष्ट राहून जात आहे, म्हणून लिहितो. ज्याला आपण परका प्रत्यय समजून घाबरतो तो आपल्या घरातलाच आहे. पाणिनीचे सूत्र आहे, ‘अतिशायने तमबिष्ठनौ’. अतिशय दाखवण्यासाठी दोन प्रत्यय, तम आणि इष्ठ. लघुतम, उच्चतम यांतला तम आपण जाणतो आणि ‘तमभाव’ या नावातही तोच आहे. दुसरा इष्ठ हा श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ, वरिष्ठ, बलिष्ठ यांत आहे. इंग्रजीचा -एस्ट आणि संस्कृतचा -इष्ठ हे एकाच मूळ प्रत्ययाचे वंशज आहेत. एकाने दुसऱ्याकडून उसना घेतलेला नाही, दोघांनी एकाच पूर्वजाकडून वारशात घेतला आहे.

याचे मला सर्वांत आवडते उदाहरण जिभेवरचे आहे. संस्कृत ‘स्वादु’ म्हणजे गोड, आणि इंग्रजी ‘स्वीट’ हा त्याचा सख्खा नातलग. स्वादूचा तमभाव स्वादिष्ठ, स्वीटचा स्वीटेस्ट. शब्द आणि प्रत्यय दोन्ही एकाच कुळातले! आपण मराठीत त्याचे ‘स्वादिष्ट’ केले, त्यातला तमभाव विसरलो आणि आता खुशाल ‘सर्वांत स्वादिष्ट’ म्हणतो. म्हणजे काटेकोर हिशेबाने तमभावावर तमभाव. ज्येष्ठ आणि श्रेष्ठ यांचेही तसेच झाले. ‘ज्येष्ठ नागरिक’ म्हणताना सगळ्यांत वयस्क एकच नागरिक आपल्या मनात नसतो.

‘गुड, बेटर, बेस्ट’ यात गुडचा बेस्ट कसा झाला, असे मुले विचारतात. त्यांना सांगावे की श्रेष्ठ हे रूप पाणिनीने ‘प्रशस्य’ या शब्दाचे मानले आहे आणि त्यासाठी प्रशस्यच्या जागी ‘श्र’ आणण्याचे वेगळे सूत्र दिले आहे. अल्प आणि युवन् यांच्या जागी ‘कन्’ येऊन कनिष्ठ होते. फार वापरातल्या शब्दांची रूपे अशी दुसऱ्याच मुळावरून येण्याची खोड दोन्ही भाषांना आहे.

वर्धा रोडवरून

सर, मग ‘मोस्ट बेस्ट’ लिहिणाऱ्या मुलाला शिक्षा कशाला? ‘सर्वांत श्रेष्ठ’ तर आपण सर्रास म्हणतो.

शब्दानुशासन

प्रश्न थट्टेत विचारला असला तरी उत्तर खरे आहे. यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात ‘श्रेष्ठतमाय कर्मणे’ असे आहे, म्हणजे इष्ठवर तम. शेक्सपिअरच्या ज्युलियस सीझर नाटकात ब्रूटसच्या घावाला मार्क अँटनी ‘मोस्ट अनकाइंडेस्ट’ म्हणतो, आणि त्या काळच्या इंग्रजीत असा दुहेरी तमभाव जोर देण्यासाठी चालत असे. इतकेच काय, ‘फोरमोस्ट’ हा आजचा साधा शब्दही मुळात दुहेरी आहे. जुन्या इंग्रजीत ‘फॉर्मा’ म्हणजे पहिला, त्यातला म हाच तमभावाचा होता, जसा आपल्या अधम आणि परम यांत आहे. त्याची जाणीव पुसली गेल्यावर पुढे आणखी एक एस्ट चिकटला, आणि नंतर लोकांनी त्या शेपटीलाच ‘मोस्ट’ समजून तसे स्पेलिंग केले. ‘लास्ट’ आणि ‘नेक्स्ट’ हेही लेट आणि नियर यांच्या अर्थाच्या शब्दांचे जुने तमभाव आहेत. आता त्यांच्याकडे तसे कोणी पाहत नाही.

तरीही आजच्या प्रमाण इंग्रजीत ‘मोस्ट बेस्ट’ चूकच आहे. उत्तरपत्रिकेत यजुर्वेदाचा दाखला देऊन गुण मिळणार नाहीत.

जुना फळा

धागा उत्तम चालला आहे. परीक्षेतल्या एका सरावप्रश्नाबद्दल लिहायचे राहिले होते, ते लिहितो. आपल्याकडे ‘डिग्री बदला’ हा प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जातो. ‘मुंबई इज द लार्जेस्ट सिटी इन महाराष्ट्र’ याचा तरभाव, म्हणजे कम्पॅरेटिव्ह डिग्री, करताना निम्मा वर्ग ‘मुंबई इज लार्जर दॅन एनी सिटी इन महाराष्ट्र’ असे लिहितो. मुंबई स्वतः महाराष्ट्रातले शहर असल्याने हे वाक्य मुंबईला मुंबईपेक्षाही मोठी ठरवते. तेथे ‘एनी अदर सिटी’ हवे. उलट ‘मुंबई इज लार्जर दॅन एनी सिटी इन विदर्भ’ यात ‘अदर’ नको, कारण मुंबई विदर्भात नाही. हा फरक मी फळ्यावर दोन वर्तुळे काढून दाखवत असे. मुंबईचा ठिपका एका वर्तुळाच्या आत आणि दुसऱ्याच्या बाहेर ठेवला की व्याकरणाची परिभाषा न वापरताही मुलांना समजत असे. अनुवादघर यांनी समूहाची जी गोष्ट सांगितली, तीच ही आहे.

क्रमांकाचे वाक्यही याच ठिकाणी शिकवून टाकावे. 2011 च्या जनगणनेनुसार 24,05,665 लोकसंख्येचे नागपूर हे मुंबई आणि पुण्यानंतर येते, म्हणून ‘द थर्ड लार्जेस्ट सिटी इन महाराष्ट्र’. मराठीत आपण ‘तिसऱ्या क्रमांकाचे मोठे शहर’ म्हणतो, तमभाव वापरतच नाही. त्यामुळे मुले ‘थर्ड लार्ज सिटी’ लिहितात.

आणि ‘अ मोस्ट इंटरेस्टिंग मॅन’ असे कोठे दिसले तर ती छपाईची चूक समजू नये. तेथे ‘मोस्ट’चा अर्थ केवळ ‘फार’ असा आहे. तुलना नाही, म्हणून ‘द’ही नाही.

मृगबहार

सर्वांचे मनापासून आभार. काल पालकसभेला मी वही घेऊन गेले होते. तक्रार करायची नव्हती, म्हणून शब्दकोशातला उतारा आणि ‘नागपूर इज हॉटेस्ट इन मे’ हे सरांचे वाक्य एका चिठ्ठीवर लिहून दिले. बाईंनी ‘कमनेस्ट’चा अर्धा गुण तेथल्या तेथे परत दिला. डीपेस्टचे वाक्य त्यांनी दोनदा मनात वाचले, लाल पेन उघडले, पुन्हा बंद केले आणि वही एक दिवस ठेवून घेतली. आज ती परत आली. काकपदावर निळ्या शाईने बारीक फुली आहे आणि समासात ‘बरोबर’ असे लिहिले आहे.

घरी मात्र नवा वाद सुरू झाला आहे. कळमन्याहून आणलेल्या संत्र्यांच्या पिशवीकडे पाहून मी सहज म्हटले, ‘मृग बहार इज द स्वीटेस्ट.’ मुलीने लगेच हटकले, ‘आई, संत्र्याच्या झाडाला आंबिया आणि मृग असे बहार दोनच. दोघांत स्वीटेस्ट कसा होईल? द स्वीटर ऑफ द टू म्हण.’

जुना फळा

तिला सांगा, पुस्तकी नियम तिच्या बाजूने आहे आणि परीक्षेत तिने तसेच लिहावे. बोलताना मात्र इंग्रजही दोघांत ‘बेस्ट’ म्हणतात. पाय दोनच असूनही त्यांच्या म्हणीत पुढे टाकायचा तो ‘बेस्ट फूट’च असतो. आणि ताई, मृगाचा संत्रा यंदा कसा निघाला, तेही कळवा.